हरभऱ्यावरची आंब

धुळ्याकडे जाऊन आले म्हटलं की आमच्या जळगावच्या शाळेतल्या बायकासुद्धा विचारतात, तिथं पाहण्यासारखं काय आहे? पुण्यामुंबईच्या वाचकांचं तर बोलायलाच नको. त्यांच्या लेखी खानदेश म्हणजे ऊन, केळी आणि डोळ्यांतून पाणी काढणारी आमटी. मीसुद्धा काही पाहायला गेले नव्हते. लढाई सुरू व्हायच्या आदल्या हिवाळ्यात, मार्गशीर्षात, माझ्या भाचीची पाठराखीण म्हणून गेले होते.

ज्यांच्याकडे ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघते तेव्हा माहेरची एक बाई तिच्याबरोबर जाते. चार दिवस राहते आणि नवरीला घेऊन माहेरी परत येते. मग काही दिवसांनी सासरची माणसं येऊन नवरीला घेऊन जातात, आणि खरा संसार तिथून सुरू होतो. रीत सोपी आहे. फक्त न्यायला कुणीतरी आलं पाहिजे.

मला न्यायला कुणी आलं नव्हतं. मी सासरचं माप ओलांडलं आणि तिसऱ्या दिवशी त्यांची दुभती म्हैस मेली. कुणी वाईट शब्द बोललं नाही. चौथ्या दिवशी ओटी भरून मला रीतसर माहेरी पाठवलं, आणि मग कुणी आलंच नाही. वडिलांनी वाट पाहून पाहून शेवटी मला शाळेत घातलं, म्हणून आज शाळेत शिकवते आणि हे लिहिते आहे. तेव्हा माझ्यासारखीला पाठराखीण करायला वहिनीचा विरोध असणं साहजिकच होतं. पण माझी भाची शकू हटून बसली. "फुई येई तरच मी जासू." आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात, आणि शकूच्या हट्टापुढे कुणाचं चालत नाही.

धुळ्याच्या पलीकडे

भडगावजवळच्या आमच्या गावाहून काजगाव, काजगावहून चाळीसगाव, तिथून धुळ्याची गाडी. या प्रवासात सांगण्यासारखं एवढंच की वऱ्हाडातल्या एका गृहस्थांनी रुखवताच्या करंज्यांच्या टोपलीवर बैठक मारली आणि धुळे येईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. पुढे शकूच्या सासरी त्या करंज्यांचा चुरा वाटीनं वाढला गेला.

धुळ्यापासून बैलगाडी. लळिंगचा डोंगर मागे पडला आणि पांझरा नदी सोबतीला आली. आमच्या गिरणेकाठी नजर जाईल तिथवर कपाशी, मध्येच कुणाची ज्वारी, कुणाची तूर, ज्याच्या मनाला येईल ते. इथलं रान पाहून मी चक्रावले. एक मोठाच्या मोठा पट्टा नुसता गव्हाचा, त्याच्या खाली तसाच पट्टा नुसता हरभऱ्याचा, पलीकडे ऊस. मध्ये कुठे कुंपण नाही, काटी नाही.

"हाई एवढं रान एकाचंच?" शकूनं डोक्यावरचा पदर सावरत मला हळूच विचारलं. गाडीबरोबर चालणाऱ्या तिच्या सासऱ्यांनी, आबांनी, ते ऐकलं. गोरटेले, मऊ बोलणारे गृहस्थ. त्यांनी सुनेकडे न पाहता मला समजावून सांगितलं, म्हणजे तिलाच सांगितलं. नदीवर जुना दगडी बंधारा आहे. त्यातून पाट निघतो. त्या पाण्याखालच्या जमिनीचे फड पाडलेले आहेत. एका फडात सगळ्या गावानं एकच पीक घ्यायचं, आणि प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात.

"पानी मात्र कोनी आपला हातखाल लेवानं नही," आबा म्हणाले. "पाटकरी दी तवय. दुसरानी फळीले हात लाया, का गाव दंड करस."

पाटकरी म्हणजे पाटाचं पाणी सोडणारा-अडवणारा गावाचा माणूस, आणि फळी म्हणजे पाटाचं तोंड बंद करायची. मला ही व्यवस्था फार आवडली. आमच्याकडे विहिरीच्या पाण्यावरून सख्खे भाऊ एकमेकांची डोकी फोडतात. त्या व्यवस्थेत काय लपलेलं आहे हे दुसऱ्या दिवशी कळायचं होतं.

बट्टीची पंगत

दुपारी शकूनं माप ओलांडलं. तिची सासू, जिला सगळा गाव अक्का म्हणतो, उंच, काळीसावळी, हाडापेरानं मजबूत बाई. तिनं शकूचे पाय धुतले, मला "या बाई" म्हटलं, आणि त्यापुढे संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलली नाही. न बोलणाऱ्या सासवांची मला भीती वाटते. माझीही तशीच होती.

अंगणात गावजेवण. वरण, बट्टी आणि घोटलेलं वांगं. आमच्याकडे बट्टी गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, इथं आधी वाफवून मग तुपात तळतात. कोणती चांगली हे मी सांगणार नाही, मला दोन्ही गावांत परत जायचं आहे. पंगतीत सगळ्यांत मोठा आवाज सुका नानांचा. हेच गावाचे पाटकरी. भरघोस मिशा, गळ्यात पांढरं उपरणं, आणि बट्टी खाण्याच्या बाबतीत त्यांचा हात धरणारा कुणी नाही. वाढणाऱ्या बायकांना ते चिडवत होते, बायकाही त्यांना सोडत नव्हत्या. मला तो माणूस आवडला होता, हे लिहून ठेवते.

दुसरी पंगत बसली तेव्हा ऊन एकदम पिवळं पडलं. सातपुड्याकडून आभाळ आलं, निळं नव्हे, जांभळं. वारा सुटला तशी मांडवाची पाल उडून गोठ्यावर जाऊन पडली. पत्रावळी अंगणभर धावायला लागल्या. आणि मग गारा.

मी गारा पाहिल्या नव्हत्या असं नाही. पण लिंबाएवढ्या गारा पाहिल्या नव्हत्या. घराच्या पत्र्यावर असा आवाज होत होता की शेजारी कोण ओरडतं आहे तेही ऐकू येईना. बैल दावी तोडून पळाले. शकू माझ्या कुशीत शिरली. अक्का दारात उभी होती, नुसती उभी. ती बाहेर पाहत होती आणि मी तिच्या पाठीकडे. ही आता वळून शकूकडे कशी पाहील, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

ती वळलीच नाही. वारा पडला, गारा थांबल्या, तशी पदर खोचून बैल शोधायला निघून गेली.

दिवे लागायच्या सुमारास माणसं ओट्यावर जमली. गहू झोपला होता. हरभऱ्याच्या फडात तर गुडघ्याइतकं पाणी भरलं होतं, आणि हरभऱ्याला साठलेलं पाणी सोसत नाही. कुणीतरी सुका नानांना विचारलं, पाट बंद होता ना? त्या दिवशी गव्हाला पाणी द्यायची पाळी होती, आणि गव्हातून ओसंडलेलं पाणी खालच्या हरभऱ्यातच उतरतं.

"मी फळी लाईसनच जेवाले उंथू," फळी लावूनच आल्याचं नाना म्हणाले. "हाई बठ्ठं आभायनं पानी शे." मग थोडं थांबून, आवाज खाली आणून, "नवरीनी उंबरामा पाय ठेवा नि गारा पडन्यात. मी खोटं सांगस का?"

कुणी हो म्हटलं नाही. नाही म्हणणारंही कुणी नव्हतं. आबा जमिनीकडे पाहत राहिले. शकूचा नवरा नारायण रागानं उठला, पण बापानं हात धरला तसा खाली बसला. दाराआड माझ्या शेजारी शकू उभी होती आणि तिनं ते सगळं ऐकलं होतं. तिच्या हातावरची हळद अजून ओली होती.

दुसरी सकाळ

उजाडता उजाडता मी बाहेर आले आणि काय पाहते आहे ते मला क्षणभर कळेना. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. लळिंगचा डोंगर इतका जवळ आला होता की त्याच्यावरची झाडं मोजता यावीत. बांधांच्या सावलीत गारांचे ढीग तसेच पडून होते आणि उन्हाचा पहिला पट्टा त्यांच्यावर आला की आतून निळे दिसत होते. ठेचलेल्या कडुलिंबाचा आणि कोथिंबिरीचा वास गावभर. नदी मातकट लाल होऊन धावत होती आणि तिच्या कडेनं टिटव्या ओरडत फिरत होत्या. फार सुंदर होतं ते. आणि मला त्या सौंदर्याचा राग आला. एका पोरीच्या जन्माचं वाटोळं करून सकाळ अशी नटून कशाला उभी राहते, असं वाटलं.

अक्का खांद्यावर कुदळ घेऊन निघाली होती. शकूला बाहेर आलेली पाहून म्हणाली, "चाल वं पोरी. बाई, तुम्हीनबी चाला."

"तिची हळद उतरली नाही अजून," मी म्हटलं. हळदीच्या अंगानं शेतात जायचं नाही, ही रीत दोन्हीकडे सारखीच.

"हरभरा हळद उतरानी वाट दखाव नही," अक्का म्हणाली आणि चालू लागली.

फडाच्या बांधावर बरेच लोक उभे होते. हरभऱ्याचे शेंडे सगळे तुटलेले, रोपं पाण्यात बुडालेली, वर काड्या, पानं, मेलेल्या चिमण्या तरंगत होत्या. पाणी काढून द्यायला हवं हे सगळ्यांना दिसत होतं, पण कुणी हलत नव्हतं. पाण्याचं काम नानांचं. आणि नाना म्हणे अंग दुखतं म्हणून घरी होते. पिढ्यान् पिढ्या कुणीच पाण्याला हात लावायचा नाही असं ठरलेल्या गावाचे हात पाण्यासमोर बांधल्यासारखे झाले होते. मी असं काही पाहिलं नव्हतं. आमच्याकडे एव्हाना दहा ठिकाणी बांध फुटला असता.

अक्का बराच वेळ चारीकडे पाहत राहिली. चारी म्हणजे पाटातून शेतात येणारा लहान कालवा. ती काठोकाठ भरून वाहत होती.

"रातभर आभाय कोरडं व्हतं," ती स्वतःशीच म्हणाली. "मंग हाई पानी कोठेन येई ऱ्हायनं?"

ती चारीच्या कडेनं वर चालायला लागली, आम्ही दोघी मागे. चिखलात माझी एक वहाण कायमची गेली. पाटाच्या तोंडाशी पोचलो. पाणी अडवायची लाकडी फळी तिथं बसवलेली नव्हती. शेजारी बाभळीच्या फांदीला ती दोरीनं टांगलेली होती, पाणी चालू असताना पाटकरी जिथं टांगतो तिथं. जेवायला येताना गावातल्या निम्म्या माणसांनी ती तशी टांगलेली पाहिली असणार, आणि नाना बघतील म्हणून पुढे गेली असणार. आणि नाना आधीच पंगतीत बसले होते.

शकूनं माझ्याकडे पाहिलं. मी अक्काकडे पाहिलं. अक्कानं फळी काढली, पाटाच्या तोंडात बसवली, वर दोन दगड ठेवले. पाणी तुटलं. ती कुदळ खांद्यावर घेऊन माघारी वळली. मला तर पळत जाऊन सगळ्या गावाला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

"तुम्ही सांगणार नाही का कुणाला?" मी विचारलं.

"पहिले हरभरा," ती म्हणाली.

परत येऊन तिनं फडाच्या खालच्या अंगाचा बांध कुदळीनं फोडायला घेतला. माणसं दचकली. एक म्हातारा म्हणाला, "अक्का, दंड व्हई." "व्हऊ दे," अक्का म्हणाली. दुसरी कुदळ शकूनं घेतली. हिरव्या बांगड्या, हळदीचे हात, आणि माझ्या भावाच्या शेतात वाढलेलं अंग. तिनं घातलेला पहिला घाव पाहूनच बायका पुढे आल्या. दुपारपर्यंत पाणी नदीकडे उतरलं. खाली राहिली ती चिखलात लोळलेली, शेंडे नसलेली काटकं. त्यांत जीव आहे की नाही हे कुणी सांगू शकत नव्हतं.

आंब

हिवाळ्यात हरभऱ्याच्या पानांवर जे दव पडतं ते आंबट असतं. त्याला आंब म्हणतात. संध्याकाळी फडावर धुतलेलं फडकं पसरून ठेवायचं, सकाळी पिळून घ्यायचं, आणि पोटदुखीला ते बाटलीत भरून ठेवायचं. हे आमच्याकडेही करतात. त्या संध्याकाळी अक्कानं जुन्या धोतराचं फडकं त्या काटकांवर पसरलं तेव्हा मी म्हटलं, आता कशाची आंब? ती म्हणाली, "जीव व्हई तर आंबट व्हई."

सकाळी तिनं फडकं पिळलं आणि माझ्या तळहातावर थेंब पाडले. पाणी. नुसतं गोडं पाणी.

माझा मुक्काम लांबला, कारण नदीच्या उतारातली गाडीवाट वाहून गेली होती. रोज सकाळी आम्ही तिघी फडावर जात होतो. रोज पाणी. गव्हाची मान हळूहळू वर येत होती, पण हरभरा तसाच पडून. गावात आम्हाला पाहून बायकांचं बोलणं थांबायचं. पाणवठ्यावर शकूला कुणी अडवत नव्हतं, पण तिच्या पाठीमागे रांगेतही कुणी उभं राहत नव्हतं. ती हे सगळं ओळखून होती. माझी गोष्ट तिला लहानपणापासून ठाऊक. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "फुई, त्या म्हशीनं नाव काय व्हतं?" मी म्हटलं, ठाऊक नाही. खरंच ठाऊक नव्हतं.

मग एक सकाळ आली. धुकं होतं, गवतावर कोळ्यांची जाळी भिजून दिसत होती. फडावर पाऊल टाकलं आणि माझ्या अनवाणी पायाची भेग चुरचुरली. मी खाली वाकले. प्रत्येक तुटक्या काटकाच्या बगलेतून दोन दोन, तीन तीन डोळे फुटले होते. तुरीच्या डाळीएवढे. फिकट हिरवे, मखमली, आणि प्रत्येकावर एक थेंब. सूर्य वर आला तसा तो सगळा चिखलाचा पट्टा एका टोकापासून चमकत आला. आदल्या दिवशीही ते असणार, आम्हाला दिसले नव्हते.

अक्कानं फडकं पिळलं. शकूनं जीभ लावली आणि तिचं तोंड वाकडं झालं. "आंबट," ती म्हणाली. मी ते फडकं तिच्या हातातून ओढून घेतलं आणि चोखलं, लहान मूल चोखतं तसं, आणि मग तिथंच बांधावर बसून रडले. इतक्या वर्षांत त्या म्हशीपायी मी रडले नव्हते, ते तेव्हा रडून घेतलं. अक्का फडक्याची घडी घालत उभी राहिली. तिनं मला गप्प केलं नाही, त्याबद्दल मी तिची आभारी आहे.

गाडी जुंपली

वाट दुरुस्त झाली आणि आबांनी आमच्यासाठी गाडी जुंपायला सांगितली. शकूची पेटी ओट्यावर आणून ठेवली. हरभरा जगला हे एव्हाना गावाला ठाऊक झालं होतं, पण तोंडातून निघालेला शब्द हरभऱ्याइतक्या लवकर मागे फिरत नाही. ओट्यावर चार माणसं होती. सुका नानाही होते.

"धाडी द्या पोरले," नाना आबांना म्हणाले. गोड आवाजात. "घाई काय शे? आखाजीले लई येऊत."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खानदेशातला लेकींचा सण. त्या दिवशी लेकी माहेरी जातात, झाडाला झोके बांधतात. आखाजीला सून कुणी सासरी आणत नाही. आखाजीला आणू म्हणजे आणणार नाही. आबांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांनी मान खाली घातली आणि हलवली, हो म्हणून. नारायण खांबाला टेकून उभा. वर्गात चाळीस मुलींना गप्प करणारी मी, शकूच्या पेटीची कडी धरून नुसती उभी राहिले.

अक्का घरातून बाहेर आली. तिच्या हातात ती पाटाची फळी होती. केव्हा काढून आणली होती कोण जाणे. तिनं ती नानांच्या समोर ओट्यावर ठेवली.

"नाना, तुम्हनी फळी," ती म्हणाली. "गारा पडन्यात त्या दिन बाभूळवर टांगेल व्हती. मी लाई दिन्ही व्हती."

नानांनी फळी मांडीवर घेतली. उपरण्याच्या टोकानं तिच्यावरचा वाळलेला चिखल पुसत राहिले, पुसला गेला तरी पुसत राहिले. मग उठले. "पोर ऱ्हाऊ द्या, आबा," एवढंच म्हणाले आणि फळी घेऊन पाटाकडे निघून गेले. माझी फार इच्छा होती की त्यांनी आणखी काही बोलावं. ते बोलले नाहीत.

अक्कानं शकूची पेटी उचलली आणि आत नेली.

"अहो, पण रीत," मी तिच्या मागे जात म्हटलं. "पाठराखिणीबरोबर नवरी माहेरी येते. मी एकटी कशी जाऊ?"

तिनं पेटी खाली ठेवली. "बाई, तुम्हले न्यावाले कोनी उनं नही. हाई माले सोयरीक करतानाच समजनं." तिनं पेटी कोपऱ्यात सारली. "हाई पोर आज आठेन गई, तर गाव म्हनी, गारास्नी तिले काढी. मंग तिले लेवाले जावाले आम्हना माणसंस्ना पाय उचलाव नही. मी वळखस ना त्यास्ले." ती थोडी हसली, मी पाहिलेलं तिचं पहिलं हसू. "म्हनीसन ती जाणार नही. आते तुम्हीन जा. उन्ह व्हई ऱ्हायनं."

शकू मला निरोप द्यायला वेशीपर्यंत आली नाही. गव्हाला पाणी द्यायची पाळी होती आणि बायका फडात गेल्या होत्या, ती त्यांच्यात होती. गाडी वळताना लांबून मला फक्त हिरवं लुगडं दिसलं.

मी एकटी गावी पोचले तेव्हा तिन्हीसांजा व्हायच्या होत्या. गाडीची घुंगरं ऐकून वहिनी हळदकुंकवाचं तबक घेऊन धावत बाहेर आली. मला पाहिलं, माझ्या मागे पाहिलं. तबक खाली ठेवून ती गाडीच्या मागच्या अंगाला गेली, गोणपाट उचलून पाहिलं, गवत बाजूला सारून पाहिलं. भाऊ चाकाला धरून उभा राहिला होता.

"पोर कोठे शे?" वहिनीनं विचारलं.

"घर शे," मी म्हटलं. "तिना घर."